रात्री दोनचा बॅकअप आणि बंद लॅपटॉप: लिनक्सवर कामं वेळेला लावायची कशी, लांबवायची कशी

माझ्या लॅपटॉपचा बॅकअप रोज रात्री दोन वाजता होत असे. म्हणजे क्रॉनटॅबमध्ये, ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या 'क्रॉन' या प्रोग्रॅमच्या यादीत, तसं लिहिलेलं होतं. रात्री दोनला लॅपटॉप बंद असे, आणि क्रॉन काही बंद मशीन सुरू करत नाही. सकाळी मशीन सुरू झाल्यावर हुकलेली वेळ भरूनही काढत नाही. चार महिन्यांनी एक जुनी फाइल परत हवी झाली, तेव्हा बॅकअपचं फोल्डर उघडलं. आत एकच बॅकअप होता, स्क्रिप्ट तपासायला मी हाताने चालवली होती त्या दिवसाचा.

तेव्हापासून कोणी "क्रॉन कसं लावायचं?" असं विचारलं की मी आधी उलट विचारतो: त्या वेळी मशीन चालू असणार आहे का? नक्की चालू असेल, तर क्रॉन पुरेसं आहे. सांगता येत नसेल, तर अ‍ॅनाक्रॉन किंवा सिस्टिमडीचा (लिनक्समधल्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) टायमर घ्या. काम एकदाच करायचं असेल, तर अ‍ॅट. लेखाचा क्रमही हाच ठेवला आहे.

एक सूचना आधीच. इथे कमांड, पर्याय आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायची. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे. स्पेलिंगबद्दल शंका आली तर पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबा.

आधी स्क्रिप्ट, मग वेळ

नवशिके सहसा थेट वेळापत्रकाला हात घालतात आणि मग चूक स्क्रिप्टमध्ये आहे की वेळेत, हेच कळत नाही. म्हणून पहिली पायरी: काम एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहा, 'चमॉड +एक्स' करून ती चालवण्याजोगी करा आणि हाताने चालवून पाहा. आतल्या फाइलींचे पत्ते पूर्ण लिहा, स्लॅशपासून सुरू होणारे. 'सध्याचं फोल्डर' ही तुमच्या टर्मिनलमधली सोय आहे, रात्री दोनला ते फोल्डर दुसरंच असेल.

दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात. तुमच्या टर्मिनलमध्ये कितीतरी गोष्टी आधीच भरून ठेवलेल्या असतात: पाथ (कमांड ज्यांत शोधायच्या त्या फोल्डरांची यादी), भाषा, तुम्ही स्वतः बनवलेली टोपणनावं. क्रॉनकडे यातलं जवळजवळ काहीच नसतं. म्हणून स्क्रिप्ट एकदा रिकाम्या वातावरणात चालवा:

एन्व्ह -आय /बिन/एसएच /होम/मी/बिन/बॅकअप

('मी' म्हणजे तुमचं युजरनेम.) 'कमांड नॉट फाउंड' असं इथे आलं, तर क्रॉनमध्येही तेच आलं असतं, फक्त तुम्हाला दिसलं नसतं.

क्रॉन: पाच खाने आणि त्यांतले खड्डे

आपली यादी उघडायची कमांड:

क्रॉनटॅब -ई

नुसती बघायची असेल तर '-एल'. आणि '-आर' म्हणजे अख्खी यादी पुसणं, तेही न विचारता. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी-शेजारी आहेत. ही रचना कोणाला सुचली असेल ते असो, पण बदल करण्याआधी 'क्रॉनटॅब -एल > जुनी-यादी' एवढं करायची सवय लावून घ्या.

यादीतली एक ओळ म्हणजे एक काम. आधी पाच खाने, मग कमांड:

१७ २ * * * /होम/मी/बिन/बॅकअप >> /होम/मी/बॅकअप.लॉग २>&१

खाने क्रमाने असे: मिनिट (० ते ५९), तास (० ते २३), महिन्याची तारीख (१ ते ३१), महिना (१ ते १२), वार (० ते ७, यात ० आणि ७ दोन्ही रविवार). चांदणी म्हणजे 'कोणतंही चालेल'. वरची ओळ रोज रात्री २ वाजून १७ मिनिटांनी चालेल. शेवटचा '२>&१' हा भाग चुकांचे संदेशही लॉगमध्येच वळवतो. तो लिहिला नाही, तर क्रॉन ते संदेश मेलने पाठवायचा प्रयत्न करतो, आणि बहुतेक घरगुती मशीनवर मेलची व्यवस्थाच नसते. फाइल सेव्ह केली की झालं, काहीही रीस्टार्ट करावं लागत नाही. शेवटच्या ओळीनंतर एंटर मात्र असू द्या.

इथपर्यंत सोपं आहे. खड्डे यापुढे.

पहिला खड्डा तारीख आणि वार यांचा. '० ९ १३ * ५' म्हणजे 'तेरा तारखेला शुक्रवार आला तर', असं कोणीही वाचेल. क्रॉन तसं वाचत नाही. या दोन्ही खान्यांत चांदणीऐवजी काही लिहिलं असेल, तर दोन्हींपैकी कोणतंही एक जुळलं तरी काम सुरू होतं. म्हणजे ही ओळ दर तेरा तारखेला चालेल आणि शिवाय दर शुक्रवारी.

दुसरा, '*/७' चा. मिनिटांच्या खान्यात हे लिहिलं की दर सात मिनिटांनी काम होईल असं वाटतं. होतं काय, तर ०, ७, १४ असं करत ५६ पर्यंत, आणि मग तास बदलला की पुन्हा ० पासून. ५६ आणि पुढचा ० यांत चारच मिनिटं. साठला नि:शेष भाग जाणारे आकडे घेतले की हा प्रश्न उरत नाही.

तिसरा खड्डा टक्क्याच्या चिन्हाचा. हा सगळ्यांत खोल आहे, आणि उशीर लावताना नेमका तोच आडवा येतो, म्हणून पुढे सविस्तर घेतो.

आणखी एक. /ईटीसी/क्रॉनटॅब आणि /ईटीसी/क्रॉन.डी मधल्या फाइली पूर्ण मशीनच्या असतात, आणि तिथे पाच खान्यांनंतर सहावा खाना युजरचा असतो. आपल्या यादीतली ओळ तिथे जशीच्या तशी चिकटवली की क्रॉन कमांडच्या पहिल्या शब्दालाच युजरचं नाव समजतो. /ईटीसी/क्रॉन.डेली मध्ये तर नुसती स्क्रिप्ट ठेवायची असते, वेळ लिहायची नसते. पण डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर तिच्या नावात टिंब चालत नाही. 'बॅकअप.एसएच' हे नाव मुकाट्याने वगळलं जातं, 'बॅकअप' चालतं. काय-काय चालणार आहे ते आधीच पाहता येतं:

रन-पार्ट्स --टेस्ट /ईटीसी/क्रॉन.डेली

क्रॉन मशीनच्या स्थानिक वेळेवर चालतं. भाड्याचे सर्व्हर बरेचदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) लावलेले असतात, त्यामुळे 'रात्री दोन' कोणाचे, हे 'टाइमडेटसीटीएल' ही कमांड देऊन एकदा बघून घ्या.

मुद्दाम उशीर कशासाठी?

वेळ लावताना माणूस गोल आकडा निवडतो. रात्री बारा, पहाटे तीन, तासाच्या ठोक्याला. एका मशीनवर पाच कामं ठोक्याला उठली की डिस्कसाठी झुंबड उडते. हजार मशीन एकाच सर्व्हरकडे ठोक्याला धावली, तर तो सर्व्हर दोन मिनिटं गुदमरतो आणि उरलेली ५८ मिनिटं रिकामा बसतो. डेबियनची मूळ क्रॉनटॅब बघा: तासाचं काम १७ व्या मिनिटाला, रोजचं ६:२५ ला, आठवड्याचं ६:४७ ला आणि महिन्याचं ६:५२ ला. हे आकडे मुद्दाम वेडेवाकडे निवडले आहेत. तुम्हीही तसंच करा. एकट्या मशीनसाठी एवढा उपाय पुरतो.

तीच क्रॉनटॅब अनेक मशीनवर जाणार असेल, तर दर वेळी वेगळा उशीर हवा. इंटरनेटवर यासाठी ही ओळ हमखास सापडते:

० ३ * * * स्लीप $((रँडम % ६००)); /होम/मी/बिन/बॅकअप

('रँडम' मोठ्या अक्षरांत.) अर्थ असा: शून्य ते ५९९ सेकंद कितीही थांब, मग बॅकअप घे. टर्मिनलमध्ये ही कमांड छान चालते. क्रॉनमध्ये चालत नाही, आणि त्याची कारणं दोन आहेत.

क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे 'कमांड इथे संपली, पुढचा मजकूर कमांडला इनपुट म्हणून दे'. त्यामुळे शेलच्या (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हाती अर्धवट कंस पडतो आणि सगळं तिथेच कोसळतं. टक्क्याच्या आधी उलटा स्लॅश दिला की हे सुटतं. तारीख घातलेलं फाइलचं नाव क्रॉनटॅबमध्ये लिहिताना लोक फसतात तेही याच टक्क्यामुळे.

उलटा स्लॅश दिल्यावर चूक दिसेनाशी होते, पण उशीरही होत नाही. कारण क्रॉन कमांड /बिन/एसएच कडून चालवून घेतो आणि डेबियन-उबुंटूवर तो तुमच्या टर्मिनलमधला बॅश नसून डॅश हा वेगळा शेल असतो. 'रँडम' ही बॅशची देणगी आहे. डॅशच्या लेखी ते एक रिकामं नाव, म्हणजे शून्य. शून्य सेकंद थांबून सगळी मशीन एकत्रच धावतात. चूक कुठेच दिसत नाही, म्हणून हा प्रकार वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो.

मी ही ओळ अशी लिहितो:

० ३ * * * स्लीप $(शफ -आय ०-६०० -एन १); /होम/मी/बिन/बॅकअप

'शफ' दिलेल्या टप्प्यातून एक आकडा उचलून देतो. टक्का नाही, बॅशवर अवलंबून राहणंही नाही.

मशीन सुरू होताना चालणाऱ्या '@रीबूट' ओळींनाही थोडा उशीर लागतो. त्या वेळी नेटवर्क उभं राहिलेलं असेलच असं नाही. 'स्लीप ६०' हा ढोबळ उपाय आहे, आणि बऱ्याचदा तेवढाच पुरतो.

अ‍ॅनाक्रॉन: रोज एकदा, केव्हाही

बंद-चालू होणाऱ्या मशीनसाठी हा जुना उपाय. क्रॉन विचारतो 'किती वाजले?', अ‍ॅनाक्रॉन विचारतो 'शेवटचं कधी झालं होतं?'. /ईटीसी/अ‍ॅनाक्रॉनटॅब मधल्या ओळीत चार गोष्टी असतात:

१ ५ रोजचा-बॅकअप /यूएसआर/लोकल/बिन/बॅकअप

पहिला आकडा दिवसांचा: दर एक दिवसाने. दुसरा मिनिटांचा: अ‍ॅनाक्रॉन सुरू झाल्यावर इतकी मिनिटं थांबून मग काम. तिसरं कामाचं नाव आणि चौथी कमांड. काम पार पडलं की त्या नावाच्या फाइलीत /व्हार/स्पूल/अ‍ॅनाक्रॉन मध्ये तारीख लिहून ठेवली जाते. फक्त तारीख, वेळ नाही. त्यामुळे 'दर चार तासांनी' ही मागणी अ‍ॅनाक्रॉनकडे करता येत नाही.

दुसऱ्या खान्याकडे नीट लक्ष द्या. मशीन सुरू झाल्याझाल्या रोजचं, आठवड्याचं आणि महिन्याचं अशी तिन्ही कामं थकलेली असू शकतात. म्हणून डेबियनमध्ये त्यांना ५, १० आणि १५ मिनिटांचा उशीर दिलेला असतो, तर फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात ५, २५ आणि ४५ मिनिटांचा. या घराण्यात वर 'रँडम_डिले=४५' अशी ओळही असते. म्हणजे प्रत्येक उशिरात जास्तीत जास्त ४५ मिनिटांची यादृच्छिक भर. शिवाय 'स्टार्ट_अवर्स_रेंज=३-२२', म्हणजे पहाटे तीन ते रात्री दहा या वेळेतच कामं सुरू करायची. ही दोन्ही नावं मोठ्या अक्षरांत लिहायची.

हात लावण्याआधी 'अ‍ॅनाक्रॉन -टी' (टी मोठा) देऊन फाइल तपासा. उशीर न करता लगेच चालवायला '-एन', आज झालेलं असूनही पुन्हा चालवायला '-एफ'. रूटचे (मशीनच्या मुख्य युजरचे) अधिकार लागतील.

डेबियनवर अ‍ॅनाक्रॉन बसवलेलं असेल, तर क्रॉन रोजची, आठवड्याची आणि महिन्याची कामं स्वतः करत नाही, अ‍ॅनाक्रॉनवर सोडतो. '६:२५ लिहिलंय, मग ७:३५ ला का झालं?' याचं उत्तर हेच.

सिस्टिमडीचा टायमर

आज नवीन काम लावायचं असेल तर मी हाच वापरतो. कटकट एकच, एका ओळीऐवजी दोन फाइली लिहाव्या लागतात. बदल्यात उशीर, राहिलेली पाळी आणि लॉग या तिन्हींची सोय होते.

आपल्या होममध्ये .कॉन्फिग/सिस्टिमडी/युजर हे फोल्डर बनवा. पहिली फाइल 'बॅकअप.सर्व्हिस', काय करायचं ते सांगणारी:

[सर्व्हिस]
टाइप=वनशॉट
एक्झेकस्टार्ट=/होम/मी/बिन/बॅकअप

दुसरी 'बॅकअप.टायमर', केव्हा करायचं ते सांगणारी:

[टायमर]
ऑनकॅलेंडर=डेली
परसिस्टंट=ट्रू
रँडमाइझ्डडिलेसेक=२०मिन

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=टायमर्स.टार्गेट

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडच्या नावांत मूळ शब्द जोडून, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं करून लिहायचे. कंसांतल्या नावांचंही पहिलं अक्षर मोठं. उजवीकडचं सगळं लहान. मग:

सिस्टिमसीटीएल --युजर डीमन-रीलोड
सिस्टिमसीटीएल --युजर इनेबल --नाऊ बॅकअप.टायमर

सुरू टायमर करायचा असतो, सर्व्हिस नव्हे. इथे हमखास गोंधळ होतो.

आता टायमरमधल्या तीन ओळी. 'डेली' म्हणजे मध्यरात्री बारा. 'परसिस्टंट' म्हणजे मशीन बंद असल्यामुळे पाळी हुकली असेल, तर सुरू झाल्यावर ती करून टाक. पाच दिवस मशीन बंद असलं तरी काम एकदाच होतं, पाच वेळा नाही. आणि तिसरी ओळ प्रत्येक पाळीला शून्य ते वीस मिनिटांचा उशीर लावते, भरून काढलेल्या पाळीलाही. मशीन सुरू झाल्याक्षणी बॅकअपने डिस्क अडवून धरू नये म्हणून मला हे फार सोयीचं वाटतं. मोठ्या प्रमाणावर हेच पाहायचं असेल तर डेबियनचा 'अ‍ॅप्ट-डेली.टायमर' उघडा: सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, वर १२ तासांपर्यंतचा यादृच्छिक उशीर. जगभरची मशीन अपडेट पुरवणाऱ्या मिरर सर्व्हरवर एकदम तुटून पडू नयेत म्हणून.

'परसिस्टंट' फक्त 'ऑनकॅलेंडर' सोबत चालतं. 'मागचं काम संपल्यापासून सहा तासांनी' असं हवं असेल, तर 'ऑनयुनिटइनअ‍ॅक्टिव्हसेक=६एच' आणि पहिल्या पाळीसाठी 'ऑनबूटसेक=१५मिन' लिहा. ही गणना घड्याळावर नसते, त्यामुळे '*/७' सारखा तुकडा मागे राहत नाही.

रँडमाइझ्डडिले नसतानाही काम ठोक्याला होईलच असं नाही. 'अ‍ॅक्युरसीसेक' नावाची मोकळीक मुळातच एक मिनिटाची असते. मशीन वारंवार जागं व्हायला नको म्हणून सिस्टिमडी जवळपासची कामं एकत्र आणतं. सेकंदाची अचूकता हवी असेल तर ती ओळ स्वतः लिहा.

वेळेचं रूप बरोबर आहे का, हे आधी विचारून घ्या:

सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ कॅलेंडर 'मन..फ्राय ०९:३०'

पुढची पाळी नेमकी केव्हा, ते उत्तरात येतं. (वारांची पहिली अक्षरं मोठी.) सगळे टायमर पाहायला 'सिस्टिमसीटीएल --युजर लिस्ट-टायमर्स', लॉग पाहायला 'जर्नलसीटीएल --युजर -यू बॅकअप.सर्व्हिस'.

युजरचे टायमर तुम्ही लॉगिन असेपर्यंतच चालतात. लॉगआउटनंतरही चालू राहायला हवेत तर एकदा 'लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर' द्या.

पॅकेजसोबत आलेला टायमर लांबवायचा असेल, तर मूळ फाइलीला हात लावू नका, पुढच्या अपडेटमध्ये तुमचा बदल जाईल. 'सुडो सिस्टिमसीटीएल एडिट अ‍ॅप्ट-डेली.टायमर' द्या आणि उघडलेल्या जागेत '[टायमर]' या ओळीखाली आधी रिकामी 'ऑनकॅलेंडर=' ओळ लिहा, मग नवी वेळ. रिकामी ओळ विसरलात तर जुन्या वेळा तशाच राहतात आणि नवी त्यांत भर पडते. आजच्यापुरतं थांबवायचं असेल तर टायमरला 'स्टॉप' पुरे, पुढच्या बूटनंतर तो आपोआप परत येतो. 'डिसेबल' केलेला येत नाही.

आधीचं संपलंच नसेल तर?

दर दहा मिनिटांचं काम एखाद्या दिवशी पंचवीस मिनिटं घेतं. क्रॉनला त्याचं सोयरसुतक नाही, तो दुसरं सुरू करतो, मग तिसरं, आणि तिघं मिळून एकाच फाइलीत लिहितात. उपाय एका शब्दाचा:

*/१० * * * * फ्लॉक -एन /टीएमपी/माझं.लॉक /होम/मी/बिन/काम

कुलूप आधीच लागलेलं असेल, तर '-एन' मुळे नवी पाळी गपचूप मागे फिरते. सिस्टिमडीत हे करावं लागत नाही: सर्व्हिस चालू असताना टायमर वाजला तरी दुसरी प्रत सुरू होत नाही.

एकदाच, पण आत्ता नाही

इको /होम/मी/बिन/काम | अ‍ॅट नाऊ + २ अवर्स

रांगेत काय आहे ते 'अ‍ॅटक्यू' दाखवतो, नंबर देऊन 'अ‍ॅटआरएम' रद्द करतो. वेळ बदलायची कमांड नाही, रद्द करून पुन्हा लावायचं. क्रॉनच्या उलट, अ‍ॅट तुमचं सध्याचं फोल्डर आणि बहुतेक वातावरण जपून ठेवतो. त्याचं भावंड 'बॅच' वेळ विचारतच नाही: मशीनवरचा सरासरी भार १.५ च्या खाली आला की काम सुरू. अ‍ॅट बसवायचं नसेल तर 'सिस्टिमडी-रन --युजर --ऑन-अ‍ॅक्टिव्ह=२एच' आणि पुढे कमांड, असंही चालतं, पण हा टायमर रीबूटमध्ये नाहीसा होतो.

झालं की नाही, हे कसं कळणार?

वेळापत्रक बरोबर असणं आणि काम होणं यांतलं अंतर मला चार महिन्यांनी कळलं होतं. आता बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सगळं नीट पार पडल्यावरची शेवटची ओळ 'टच /होम/मी/.बॅकअप-झाला' अशी असते ('टच' ती फाइल बनवतो किंवा तिची वेळ ताजी करतो). आधीची एखादी पायरी फसली तर स्क्रिप्ट तिथेच थांबावी म्हणून वर 'सेट -ई' लिहिलेलं असतं. आणि .बॅशआरसी मध्ये (टर्मिनल उघडताना चालणाऱ्या फाइलीत) ही एक ओळ:

फाइंड /होम/मी/.बॅकअप-झाला -एमटाइम +२

'+२' म्हणजे पूर्ण तीन दिवस होऊन गेलेले. बॅकअप ताजा असेल तर टर्मिनल उघडल्यावर काहीच दिसत नाही. शिळा झाला की फाइलीचं नाव डोळ्यांसमोर येतं, आणि फाइल कधी बनलीच नसेल तर फाइंड स्वतःच तक्रार करतो.